कमरेला माग बांधायचा असेल तर: ग्वाटेमालात माया विणकाम शिकायला जाणाऱ्यांसाठी

पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटून बघते. मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी असेल तरच पुढचं बोलणं. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत माया या तिथल्या मूळ समाजाच्या स्त्रियांचं विणकाम बघायला आणि शिकायला जाणार असाल, तर ही एक सवय घरूनच घेऊन जा. बाकी बरंच तिथे गेल्यावर शिकता येतं.

हा लेख नव्याने जाणाऱ्यांसाठी आहे. मागाला कधी हात न लावलेल्यांनाही तो कळावा अशा बेताने लिहिला आहे. माझं एकच ठाम मत सुरुवातीलाच सांगते, पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे: दहा गावं बघू नका. एक गाव निवडा, एक शिक्षिका धरा, किमान पाच दिवस तिच्याजवळ बसा आणि स्वतःच्या हाताने एक पट्टी विणा. मग बाजारात जा. पट्टी विणलेला माणूस बाजारात गेला की त्याला तेच कापड वेगळं दिसतं.

आधी माग समजून घ्या

आपल्याकडचा हातमाग म्हणजे खड्ड्यात किंवा चौकटीत बसवलेला, पायाने दाबायच्या पावड्यांवर चालणारा, आडवा धागा नेणाऱ्या धावत्या धोट्याचा. माया स्त्रिया ज्यावर विणतात त्या मागाला चौकटच नसते. स्पॅनिशमध्ये त्याला ‘तेलार दे सिंतुरा’ म्हणतात, म्हणजे कमरेचा माग. आपल्या देशात नागालँड, मणिपूर, अरुणाचलमध्ये हाच प्रकार आहे, त्यामुळे तिकडचं विणकाम पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

काही काठ्या आणि एक पट्टा, एवढंच त्याचं सामान. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, एका टोकाची काठी दोरीने खांबाला किंवा झाडाला बांधायची. दुसऱ्या टोकाची काठी चामड्याच्या किंवा दोराच्या पट्ट्याने स्वतःच्या कमरेमागे अडकवायची. या पट्ट्याला ‘मेकापाल’ म्हणतात. मध्ये एक काठी अशी असते की तिला दोऱ्याच्या फासांनी एकाआड एक उभे धागे बांधलेले असतात. ती उचलली की धाग्यांचे दोन थर होतात आणि मध्ये फट पडते. त्या फटीतून आडवा धागा घालायचा आणि गुळगुळीत, चपट्या लाकडी पट्टीने तो ठोकून बसवायचा. या पट्टीचा आकार तलवारीसारखा असतो.

ताण कुठून येतो? विणणारीच्या अंगातून. ती मागे रेलली की धागे ताठ होतात, पुढे झुकली की सैल पडतात. काठी उचलताना थोडं पुढे, ठोकताना मागे. चांगली विणकरीण हे न बघता करते आणि दुरून पाहणाऱ्याला ती नुसती डोलते आहे असं वाटतं.

या मागाचा आणखी एक गुण तिथे गेल्यावर स्वतः तपासून बघा. यावर विणलेल्या पट्टीला चारही बाजूंनी काठ असू शकतो, म्हणजे कापड कुठेच कापलेलं नसतं. अशा दोन किंवा तीन पट्ट्या जोडून स्त्रियांचा अंगरखा होतो, त्याला ‘वीपिल’ म्हणतात. पट्टीची रुंदी ठरते विणणारीच्या दोन हातांच्या आवाक्यावर. नक्षी उमटते ती जादा आडव्या धाग्यांनी. जमिनीचं, म्हणजे नक्षीमागचं साधं, कापड विणता विणता रंगीत धागा बोटांनी किंवा टोकदार काडीने हव्या त्या उभ्या धाग्यांखालून काढायचा. कागदावर नमुना नसतो, मोजणी डोक्यात असते. नक्षीने भरलेल्या एका वीपिलला काही महिने लागतात, कारण स्वयंपाक, मुलं आणि शेत सांभाळून दिवसाचे दोन-चार तासच मागावर मिळतात.

ही कला किती जुनी आहे हे बघायला ग्वाटेमालापर्यंत जायलाही नको. लंडनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी ब्रिटिश म्युझियममध्ये याश्चिलान या प्राचीन माया शहराच्या दगडी पाट्या जरूर बघाव्यात. त्यांतल्या चोविसाव्या पाटीवर इ.स. ७०९ मधला विधी कोरला आहे आणि गुडघ्यांवर बसलेल्या राणीच्या अंगावर चौकटींच्या नक्षीचं भरगच्च वस्त्र आहे. कोरणाऱ्याने झालरसुद्धा सोडलेली नाही. मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात हाइना बेटावरची मातीची छोटी मूर्ती आहे: एक बाई बसली आहे, माग झाडाला बांधला आहे, पट्टा कमरेला आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची ती बैठक आजही गावागावांतल्या ओट्यांवर दिसते.

पायाने चालवायचा माग मात्र स्पॅनिश लोकांनी आणला आणि तो बहुतेक पुरुषांच्या हाती राहिला. स्त्रियांच्या घागऱ्याचं लांबलचक कापड, ‘कोर्ते’, त्याच्यावर होतं. म्हणजे एकाच बाईच्या अंगावर वरचं वस्त्र कमरेच्या मागाचं आणि खालचं पायमागाचं असतं, आणि दोन्ही कमरपट्ट्याने, ‘फाखा’ने, बांधलेली असतात. खांद्यावर किंवा डोक्यावर ‘त्सुते’ नावाचं चौकोनी कापड. त्यात बाळ बांधतात, बाजार बांधतात, तेच टोपलीवर झाकतात.

केव्हा जावं, किती दिवस

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. मे ते ऑक्टोबर पाऊस, तोही बहुधा दुपारनंतर. शिकायला जाणाऱ्याला पावसाची फारशी अडचण नाही, सकाळ मिळते. पण घाटातले रस्ते पावसात खचतात, म्हणून पहिल्या खेपेला कोरडा काळच बरा. डिसेंबर-जानेवारीत शेला (नकाशावर केत्साल्तेनांगो) शहरात रात्री कडाक्याची थंडी असते. ते २,३०० मीटरच्या वर आहे, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे हवेतच.

दिवस किमान पंधरा काढा. भारतातून एवढ्या लांब जाऊन आठवड्यात परत फिरायचं असेल तर विणकाम राहूनच जाईल.

व्हिसा आणि वाट

मुंबईहून थेट विमान नाही. युरोपातून जायचं तर माद्रिद सोयीचं. अमेरिकेतल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. स्वस्त तिकीट बघून नंतर अडकलेले लोक मला माहीत आहेत. ग्वाटेमालाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. नियम बदलत राहतात, म्हणून तिथेच विचारून लेखी उत्तर घ्या.

उतरल्यावर राजधानीतून आंतिग्वा शहरात जा. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण रहदारीत दीड-दोन तास सहज जातात. गावांमधला प्रवास दिवसाउजेडी करा. पर्यटकांच्या छोट्या गाड्या, ज्यांना तिथे ‘शटल’च म्हणतात, नव्या माणसाला सोयीच्या पडतात. रंगीबेरंगी सार्वजनिक बस, ‘कामियोनेता’, स्वस्त असतात आणि प्रेक्षणीयही. पण मोठी बॅग घेऊन पहिल्याच दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घरी करायची तयारी

भाषा सगळ्यात आधी. ग्वाटेमालात २२ माया भाषा आहेत. आतित्लान तळ्याकाठी सान हुआन ला लागुनामध्ये त्झुतुहिल, सोलोला आणि आंतिग्वाजवळच्या गावांत काक्चिकेल, शेला आणि चिचिकास्तेनांगोकडे किचे. पुष्कळ वयस्कर स्त्रियांची स्पॅनिश ही नंतर शिकलेली भाषा आहे, तुमच्यासारखीच. म्हणून मोडकी स्पॅनिश तिथे लाजिरवाणी नाही, उलट दोघांचं बोलणं एका पातळीवर येतं. दोन महिने रोज अर्धा तास द्या. एवढी वाक्यं तोंडात बसली तरी काम निघतं:

‘मे पुएदे एन्सेन्यार?’ मला शिकवाल का?
‘देस्पासियो, पोर फावोर.’ जरा सावकाश, कृपया.
‘किएन लो तेहियो?’ हे कुणी विणलं?
‘पुएदो तोमार उना फोतो?’ फोटो काढू का?

आभाराचा शब्द मात्र त्यांच्याच भाषेतला शिका: ‘मालत्योश’, काक्चिकेलमध्ये ‘मात्योश’. समोरच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो. शिक्षिकेला ग्वाटेमालात ‘सेन्यो’ म्हणतात, आपण ‘बाई’ म्हणतो तसं. वयस्कर बाईच्या नावाआधी ‘दोन्या’ लावा. नुसत्या नावाने हाक मारू नका.

दुसरी तयारी गुडघ्यांची. जुन्या पद्धतीने विणकरीण चटईवर गुडघे मोडून बसते, बरोबर आपल्या वज्रासनासारखी. आता बऱ्याच जणी बुटकं स्टूल घेतात आणि पाहुण्यालाही देतात. तरी रोज दहा मिनिटं वज्रासनात बसायची सवय करून गेलात तर पहिल्या दिवशी लक्ष पायांकडे न राहता हातांकडे राहील.

जमलं तर येवल्याला एक फेरी मारून या. पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराला रंगीत धाग्यांच्या कांड्या कशा फिरवतो ते विचारा. तिथे नक्षीचा रंगीत धागा आणि जमिनीचा धागा एकमेकांत अडकवून पुढे जातात. माया विणकामात जमीन सलग राहते आणि नक्षी तिच्यावर जादा धाग्याने येते. हा फरक डोळ्यांनी पाहून गेलात तर तिथलं स्पष्टीकरण निम्म्या शब्दांत कळेल.

पहिले तीन दिवस: नुसतं बघा

राजधानीत दहाव्या झोनमध्ये, फ्रान्सिस्को मारोकिन विद्यापीठाच्या आवारात, म्युसेओ इश्चेल आहे. इश्चेल ही मायांची चंद्राची आणि विणकामाची देवी. हे संग्रहालय केवळ माया वस्त्रांचं आहे. इथे गाव, कापड आणि नेसण्याची रीत यांची सांगड लागते. वेळा आधी विचारून जा आणि अर्धा दिवस राखून ठेवा.

आंतिग्वात ‘निम पोत’ नावाचं मोठं दुकान आहे, भिंतीभर वीपिल टांगलेले, गावांच्या नावांसकट. मी त्याला दुकानापेक्षा शब्दकोश म्हणून वापरलं. वही घेऊन जा आणि काही न घेता दोन तास बघत बसा. चिचिकास्तेनांगोच्या वीपिलच्या गळ्याभोवती सूर्याचे किरण आणि चार दिशांना चार काळ्या चकत्या. नाउआलाकडचा दोन डोक्यांचा गरुड. संतियागो आतित्लानचे भरतकामातले पक्षी. कोबानकडचं ‘पिकबिल’ तर पांढऱ्यावर पांढरं, जाळीसारखं विरळ, प्रकाशासमोर धरल्याशिवाय नक्षीच दिसत नाही.

खिशातलं २५ सेंतावोचं नाणंही काढून बघा. त्यावर संतियागो आतित्लानची एक स्त्री आहे, डोक्याभोवती लांब फीत गुंडाळून केलेलं गोल शिरोभूषण घातलेली. तिचं नाव कोन्सेप्सियोन रामिरेस. विणलेली फीत चलनी नाण्यावर आली, यावरून या कापडाला त्या देशात काय मान आहे ते समजावं. या कापडाच्या धनिणींना तोच मान नेहमी मिळतो असं मात्र नाही. त्याकडे पुढे येते.

गाव निवडा

तीन ठिकाणं नवशिक्याला योग्य आहेत. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस आंतिग्वापासून अगदी जवळ. चौकातल्या हस्तकलेच्या बाजारात स्त्रिया विणत बसलेल्या असतात आणि शिकवायलाही तयार असतात. या गावची खासियत म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी. पानं, फुलं, फळं, पक्षी. कसूतीसारख्या फुली-टाक्याच्या नमुन्यांवरून हे प्रकार मागावर उतरवले गेले, तेव्हा ‘परंपरा’ म्हणजे गोठलेली गोष्ट नव्हे हे इथे चांगलं कळतं. पण शिकायला हे तंत्र अवघड आहे. ज्यांना आंतिग्वातच मुक्काम ठेवायचा आहे त्यांनी हे निवडावं.

शेला हे शहर आहे. तिथली ‘त्रामा तेक्स्तीलेस’ ही विणकर स्त्रियांची स्वतःची संस्था १९८८ पासून चालते. यादवी युद्धाने, जे १९६० ते १९९६ चाललं, असंख्य स्त्रियांना विधवा केलं. त्यांना पोट भरायला हाताशी मागच होता. शिकवण्याची शिस्त मला इथे सर्वांत चांगली वाटली. काही तासांच्या ओळखीपासून काही दिवसांच्या वर्गापर्यंत सोय असते. सकाळी स्पॅनिश शाळा, दुपारी माग, असा दिनक्रम शेलात सहज जमतो.

सान हुआन ला लागुना हे माझं आवडतं गाव. आतित्लान तळ्याच्या पश्चिम काठावर, पानाहाचेलहून छोट्या मोटरबोटीने जायचं. बोट सकाळचीच धरा. दुपारी ‘शोकोमिल’ नावाचा वारा सुटतो, तळं खवळतं आणि बोटीचं नाक दर लाटेला आपटतं. इथे नैसर्गिक रंगांवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या अनेक सहकारी संस्था आहेत, ‘लेमा’ ही त्यांतली एक. कापूस पिंजण्यापासून सगळं बघायला मिळतं. इथला ‘इश्काको’ नावाचा कापूस मुळातच तपकिरी असतो, न रंगवता. मुख्य रस्त्यावर पर्यटकांची गर्दी वाढली आहे. तरी अर्धा तास प्रात्यक्षिक बघून पुढे जाणारेच जास्त, शिकायला थांबणारे थोडे. थांबलात की गाव लगेच ओळखू लागतं.

शिकवणीचं मोल ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: रोजचे तास किती, धाग्याचा खर्च धरून का, आणि ताणा तुम्ही लावायचा की लावलेला मिळणार. पाच दिवस असतील तर ताणा स्वतः लावायचा आग्रह धरा. खुंट्यांच्या फळीवर धागा आठच्या आकड्यात फिरवायचा असतो. तो मधला तिढा चुकला की पुढे सगळं चुकतं. ते शिकायला अर्धा दिवस जातो आणि तो वाया जात नाही.

मागावरचे दिवस

तळ्याकाठच्या एका गावात माझी शिक्षिका साठीच्या पुढची होती. पहिल्या सकाळी तिने मला काही सांगितलं नाही. पट्टा माझ्या कमरेमागे नेला, माकडहाडाच्या थोडा वर बसवला, आणि तळहाताने पाठ मागे ओढली. धागे ताठ झाले. मग हाताने पुढे ढकलली. धागे सैल झाले. असं आठ-दहा वेळा. तोवर धाग्याला बोटही लावू दिलं नाही.

मग मी विणायला लागले आणि सगळे नवशिके करतात तेच केलं: आडवा धागा प्रत्येक ओळीत ओढून घट्ट केला. बोटभर विणून होईतो पट्टी निमुळती झाली होती, वर चार बोटं आणि खाली जेमतेम तीन. तिने पट्टी बघितली, काडी घेतली आणि सहा ओळी उसवल्या. सावकाश, एकेक धागा सोडवत. मग आडवा धागा फटीत तिरका, कमानीसारखा ठेवून दाखवला आणि लाकडी पट्टीने ठोकला. कमान सपाट झाली, काठ जागच्या जागी राहिला. कमानीत तो जादा धागा राहतो म्हणून कड आत ओढली जात नाही. तिला हे सांगायला स्पॅनिश लागली नाही आणि मला समजायलाही.

तुमच्याही पहिल्या दिवशी तीन गोष्टी होतील. काठी उचलताना काही धागे एकमेकांना चिकटून राहतील. ओढू नका, काठी हलकेच पुढेमागे हलवा, हाताने धागे मोकळे करा. दुसरं, ठोकणं कमीजास्त होईल आणि कापडावर दाट-विरळ पट्टे दिसतील. तिसरं, पाठ दुखेल. दर तासाला पट्टा सोडून उभे राहा. शिक्षिकाही उठत असते, बारकाईने बघा.

पहिली पट्टी साधी विणा, रेषांची. नक्षीचा मोह तिसऱ्या दिवसापर्यंत आवरा. मग एक छोटी चौकट घ्या आणि प्रत्येक ओळ मोठ्याने मोजा. मराठीत मोजलंत तरी चालतं, माझ्या शिक्षिकेने ‘एक, दोन, तीन’ दुसऱ्या दिवशी उचललं होतं.

आणि नक्षीचा अर्थ विचारताना जरा दमाने. पर्यटकांसाठी प्रत्येक आकृतीला एक ठरीव अर्थ चिकटवलेला असतो. नागमोडी रेघ कुणी डोंगर सांगते, कुणी सापाची चाल, कुणी ‘आईने शिकवली’ एवढंच सांगते. तिसरं उत्तरही पूर्ण उत्तर आहे.

रंगांसाठी एक दिवस

सान हुआनला राहिलात तर एक दिवस रंगांना द्या. निवडुंगावर वाढणारा कोचिनिया किडा चिरडला की तळहातावर गडद लाल येतो. त्यात लिंबाचा थेंब पडला की तो केशरीकडे झुकतो, आणि चुन्यासारख्या अल्क पदार्थाने जांभळ्याकडे. आचियोते म्हणजे आपल्या कोकणात दिसणारी शेंद्री. निळ्यासाठी नीळ आणि ‘साकातिंता’ नावाचं झुडूप. नारळाची सालं, गाजर, आवोकाडोची बी हेही हंड्यात जातं. रंग पक्का व्हायला केळीच्या खुंटाचा रस वापरतात. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही हे आपल्या आयांनी ओरडून सांगितलेलं असतं, तेच ज्ञान इथे कामाला लावलं आहे.

बहुसंख्य वीपिल मात्र आज बाजारच्या रंगीत सुताचेच असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. झळझळीत गुलाबी आणि पोपटी त्यांना मनापासून आवडतात. सांता कातारिना पालोपो गावात काही दशकांपूर्वी लाल वीपिल होते, आज गाव निळ्या-जांभळ्यात नेसतं. ‘खरं’ म्हणजे फिकं आणि वनस्पतीजन्य, हा आपला हट्ट त्यांच्यावर लादू नका.

आता बाजार

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवार आणि रविवारचा, सोलोलाचा मंगळवार आणि शुक्रवारचा. मला सोलोला जास्त भावला. तिथे लोक एकमेकांसाठी आलेले असतात, पर्यटकांसाठी नाही. पुरुषही विणलेल्या पोशाखात दिसतात. शेलाहून एक दिवस साल्काहाला जा. तिथे धागे बांधून रंगवायचं ‘हास्पे’चं काम चालतं, आपल्या पोचमपल्ली-पटोल्याच्या जातीचं. उन्हात रस्त्याकडेला ताणलेले धागे दिसले तर थांबून बघा.

विकत घेताना:

कापड उलटा. छापील वीपिलचा आता सुळसुळाट झाला आहे. यंत्रावर नक्षी छापलेली असते, दुरून हुबेहूब, पण मागची बाजू फिकी किंवा पांढरी. हाताच्या विणीत मागे धाग्यांची टोकं, उड्या किंवा दुसऱ्या बाजूची नक्षी दिसते. मग काठ बघा, पट्टीला चार काठ आहेत का. जोड बघा. केत्साल्तेनांगो आणि तोतोनिकापानकडे दोन पट्ट्या जोडणारी शिवणच रेशमी पट्ट्यासारखी भरतात, तिला ‘रांदा’ म्हणतात. तिच्यावरच बोट फिरवत बसावं इतकी ती सुंदर असते.

जुने वीपिल कापून केलेल्या पिशव्या, बूट, पाकिटं सगळीकडे मिळतात. मी घेत नाही. एखादीने महिनोन्महिने विणलेलं वस्त्र गरजेपोटी विकलं गेलं आणि कात्रीखाली गेलं, हे पट्टी विणून आल्यावर बघवत नाही. त्यापेक्षा तिथल्याच विणकरणीकडून नवी छोटी वस्तू घ्या.

घासाघीस बाजारात चालते, पण अर्ध्या किमतीपासून सुरुवात करण्याची आपली रीत विणणारीपुढे वापरू नका. ज्या सहकारी संस्थेत चिठ्ठीवर विणणारीचं नाव असतं तिथे सांगितलेली किंमत द्या. मनात दिवस मोजा आणि त्या किमतीला भागा. मग घासाघीस करायला जीभ वळत नाही.

कसं वागावं

खोलीत शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हणा, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’. कुणी जेवत असेल तर ‘बुएन प्रोवेचो’. हे न म्हणता आत शिरणं उद्धटपणा समजतात.

मुलांचे फोटो काढू नका, आईला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. परके लोक मुलं पळवतात ही भीती काही गावांत खोल रुजलेली आहे. धार्मिक कार्यक्रमात कॅमेरा पिशवीत ठेवा.

वीपिल घालावा का? मी विचारलं तेव्हा शिक्षिका खूश झाली आणि तिने फाखा कसा बांधायचा तेही दाखवलं. पण ‘कोफ्रादिया’ म्हणजे गावच्या धार्मिक मंडळाचं समारंभाचं वस्त्र हौसेने अंगावर घालू नये.

नक्षीचा फोटो काढून तो इथल्या कुर्त्यांवर छापायचा विचार असेल तर तो सोडा. तिथल्या विणकर स्त्रियांची हीच मोठी तक्रार आहे. २०१६ मध्ये त्यांच्या संघटना घटना न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की ही नक्षी गावांची सामायिक मालमत्ता आहे, कंपन्या ती फुकट उचलतात, आणि कायदा तिचं रक्षण करत नाही. पुढच्या वर्षी न्यायालयाने संसदेला कायदा करण्याविषयी सांगितलं. शाळेत, नोकरीत वीपिल घातला म्हणून अपमान सोसलेल्या बायकांची नक्षी परक्यांच्या कपड्यांवर मिरवते, हे दुःख आपण समजून घ्यायला हवं. तुम्ही शिकलेली चौकट स्वतःसाठी विणा, भेट द्या, कुठल्या गावाची ते सांगा. तिचा धंदा करायचा असेल तर त्या गावाबरोबर करा.

जेवणाबद्दल थोडंसं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. काळा घेवडा, अंडी, भात, आवोकाडो आणि मक्याच्या तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, हातावर थापतात, आणि तो थपथप आवाज ऐकून आजोळी भाकरी होते आहे असंच वाटतं. घेवड्यात चरबी असू शकते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’ म्हणजे मांस नको, चरबी नको, असं स्पष्ट सांगा. पाणी बाटलीबंद किंवा गाळलेलंच प्या.

परतताना माग बरोबर आणा

या मागाची सगळ्यात मोठी सोय हीच की तो गुंडाळता येतो. अर्धवट विणलेली पट्टी काठ्यांसकट गुंडाळा, वरून एक साधं कापड बांधा. काठ्या आणि ती तलवारीसारखी पट्टी हातातल्या बॅगेत अडवतील, त्या मोठ्या सामानात टाका. निघण्याआधी शिक्षिकेकडून सुटे धागे आणि एक जादा पट्टा विकत घ्या, आणि तिढा कसा सांभाळायचा त्याचा व्हिडिओ तिची परवानगी घेऊन काढा.

घरी दोरी खिडकीच्या गजाला बांधा. झोपाळ्याची कडी असेल तर आणखी चांगलं, उंची बरोबर येते. वीपिल आणला असेल तर तो हँगरला लटकवू नका, वजनाने खांदे ओघळतात. घडी घालून सुती कापडात ठेवा, दर दोन महिन्यांनी घडी बदला. धुवायचा झालाच तर गार पाण्यात, एकटाच, आधी एका कोपऱ्यावर रंग जातो का बघून, आणि सावलीत आडवा पसरून वाळवा.